फ्युचर्सची पोझिशन परस्पर कापली जाऊ नये म्हणून या चुका टाळा

निफ्टी फ्युचर्स (निफ्टी निर्देशांक पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्याचा करार) घेताना खात्यात जे मार्जिन अडकते, ते रोज बदलणारी अनामत असते. ही गोष्ट नजरेआड झाली की ब्रोकरचा जोखीम विभाग एके दिवशी आपल्याला न विचारता, मिळेल त्या भावाला पोझिशन कापून, म्हणजे आपला चालू सौदा बंद करून, मोकळा होतो.

मार्जिनपुरतेच पैसे ठेवणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक. निफ्टी 24,000 वर आणि लॉट (सौद्याचा किमान संच) 75 चा धरला, तर व्यवहाराचे मूल्य 18 लाख रुपये होते. त्यावर स्पॅन (संभाव्य तोट्यावरून काढलेले मार्जिन) व एक्स्पोजर (त्यावरचे जादा मार्जिन) मिळून 12 टक्के मार्जिन धरले, तर 2,16,000 रुपये लागतात. खात्यात 2,20,000 रुपये असतील, तर दर अंकाला 75 रुपये या हिशेबाने केवळ 54 अंकांच्या घसरणीत वरची शिल्लक संपते, आणि एवढी हालचाल निफ्टीत अर्ध्या तासातही होते. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 रोजी, निफ्टी 1,379 अंकांनी खाली बंद झाला. 75 च्या हिशेबाने हा तोटा लाखाच्या वर जातो. शिवाय बाजार असा उसळतो-कोसळतो तेव्हा स्पॅनही वाढू शकते, त्यामुळे शिल्लक घटत असतानाच गरज वाढते.

दुसरी चूक तारण ठेवलेल्या शेअर्सच्या भरवशावर राहण्याची. हेअरकट (जोखमीसाठी किमतीतून होणारी कपात) वजा जाऊन त्यांवर मार्जिन मिळते हे खरे. परंतु दिवसअखेरचा एमटीएम (त्या दिवसाच्या बंद भावाने मोजलेला) तोटा रोखीनेच भरावा लागतो, आणि बाजार पडला की तारणाचे मूल्यही त्याच दिवशी घटते. म्हणून स्क्रीनवर एकूण मार्जिनचा आकडा पाहून निश्चिंत न होता त्यातली रोख किती, ते आधी तपासावे.

फ्युचर्सला संरक्षण म्हणून घेतलेला पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन) आधी विकून टाकणे, ही चूक तर अनुभवी लोकही करतात. पुटमुळे मिळालेली मार्जिनची सवलत त्या क्षणी जाते आणि खाते तुटीत येते. बाहेर पडताना आधी फ्युचर्स, मग पुट, हाच क्रम ठेवावा. शेअर्सच्या फ्युचर्समध्ये एक्स्पायरी (करार संपण्याची तारीख) जवळ आली की प्रत्यक्ष डिलिव्हरीमुळे मार्जिन वाढवले जाते, तेही आधीच विचारात घ्यावे.

तुटीचा संदेश आलाच, तर पैसे लगेच जमा होतील अशा मार्गाने भरावेत. ते शक्य नसेल आणि अनेक लॉट असतील, तर एखादा लॉट स्वतः लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची ऑर्डर) लावून कमी करावा, म्हणजे निदान भाव आपल्या हातात राहतो.