दुपारची आजी-नातीची चिडचिड, आमच्याकडे हे चाललं

मे महिन्यात फोंड्याला दुपारी 12 नंतर बाहेर जाणं नको वाटतं, मग 2 वर्षांची लेक मोबाईलसाठी रडायची आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यासोबत खाली बसता यायचं नाही. ठोकळे, रंग सगळं करून झालं, मी रडकुंडीला आलेले.

शेवटी खेळच वर उचलला. आधी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या छपराच्या ओट्यावर, सावलीत गोणपाट अंथरलं म्हणजे पाणी सांडून घसरायला नको, त्यावर सासूबाईंच्या खुर्चीसमोर बुटका टीपॉय, त्यावर परात, परातीत फक्त दोन बोटं पाणी, मग घासून गुळगुळीत केलेल्या 2 करवंट्या आणि जास्वंदीची फुलं. लेक उभी राहून ओतते, सासूबाई मोजतात. 20 मिनिटांनी पाणी तुळशीला. मणी, बिया नको, तोंडात जातात, आणि परात रिकामी होईपर्यंत मोठ्यांनी तिथून उठायचं नाही.