दिवाळीपर्यंत वाकळ पुरी करायचीय? या चुका टाळा

दसऱ्याच्या धुण्याला घरातली सगळी पांघरुणं बाहेर निघतात आणि कुठली वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, विरलीय ते तेव्हाच कळतं. आमच्या बेळगाव-खानापूर भागात मग बेत ठरतो: दिवाळीला लेक माहेरी येतेय, जाताना तिच्यासोबत नवी वाकळ द्यायची. शेजारच्या कन्नड आज्जी तिला कौदी म्हणतात. नाव निराळं, टाका तोच. सुरुवात हौसेनं होते, बिघडतं ते शेवटच्या आठवड्यात.

म्हणून आधी हिशेब मांडा. वाकळ 5 फूट बाय 7 फूट, टाक्यांच्या ओळी पाऊण इंचावर, म्हणजे 80 ओळी. एकूण 560 फूट टाके. रात्री जेवणं आटोपून रोज चार ओळी झाल्या तरी 20 दिवस जातात. दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतरही साधारण तेवढंच, आणि त्यातच फराळ, झाडलोट, पाहुणे. थर नवरात्रातच अंथरून झाले पाहिजेत.

कापड न धुता घेणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. मी एकदा इरकलीचा लाल पदर तसाच मधोमध लावला. पहिल्याच धुण्यात शेजारचं पांढरं धोतर गुलाबी झालं आणि महिन्याच्या कामाकडे बघवेना. आता प्रत्येक तुकड्याचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघते. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. रंग सोडणारं कापड बाजूलाच ठेवा. लागलाच रंग, तर वाकळ वाळू देऊ नका. गार पाण्यात पुन्हा पुन्हा बुचकळत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. एकदा वाळला की तो डाग निघणं कठीण.

आणखी एक. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुतेक रेशमी नाहीतर आर्ट सिल्कचा असतो. दोन्ही सारखे आटत नाहीत, म्हणून एकाच पट्ट्यात घेऊ नका.

आतल्या थरांना जुनी सुती नऊवारी उत्तम. सव्वाआठ मीटर लांबीच्या चार घड्या घातल्या की दोन-दोन मीटरचे चार थर मिळतात. पन्हा मात्र सव्वा मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे जोड लागतोच. हे जोड एकावर एक आले की तिथं सुई अडते आणि जोर लावला की मोडते. प्रत्येक थराचा जोड वीतभर सरकवून घ्या.

आता फुग्याविषयी, कारण खरं रडू तिथंच येतं. कडेनं सुरू करून गोल गोल आत येत शिवताना सैल कापड पुढं सरकत राहतं आणि मध्यावर टोपीसारखं उभं राहतं. याचं मूळ कच्च्या टाक्यांत असतं. घाईत तेच टाळले जातात. जमिनीवर थर पसरा, चार कोपऱ्यांवर धान्याचे डबे ठेवा, मधून कडेकडे तळव्यानं सारवल्यासारखं कापड सारखं करा आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. शेवटचा टाका पडेपर्यंत ते काढू नका. फुगा आलाच असेल, तर शेवटच्या तीन-चार फेऱ्या उसवा, सैल कापडाची एक चुणी सपाट दुमडा आणि वर चौकोनी ठिगळ लावा. नक्षीच वाटेल.

दुसरं कारण म्हणजे दोरा ओढणं. गल्लीतल्या काकी माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "ओढू नको गं, दोऱ्याला कापडावर झोपू दे." मी चार टाके सुईवर घेऊन दोरा खेचत होते, त्यानं कापड गोळा व्हायचं. तेव्हापासून दर वितीला बोटानं ओळ मागं सारते.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो, शिवाय नेढ्यातून घासून तो विरतो. मेण फिरवलं तर चांगलंच. गाठ थरांच्या मध्ये लपवा, संपताना दोन उलटे टाके. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवंच.

कोपरे शेवटी घाईत उरकू नका. वाकळ तिथूनच झिजते. खानापूरपलीकडे हल्याळच्या बाजूला आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कोपऱ्यावर घडीच्या त्रिकोणी कापडाचं फूल लावतात. त्याविना त्यांची वाकळ, म्हणजे कवंदी, पुरी होत नाही. मी तिथं खणाचा तुकडा दुमडून लावते.

आणि भाऊबीजेला लेक निघाली, वाकळ अर्धीच असली, तर लांब टाके घालून ती पुरी करू नका. तशीच गुंडाळून ठेवा, संक्रांतीला पाठवा. थंडी तेव्हाही असते.