परदेशातला सराव पाठ आपल्या वर्गात कसा उतरवावा

परदेशी शाळेत सराव पाठ (प्रशिक्षणाचा भाग म्हणून खऱ्या वर्गावर शिकवलेले तास) घेऊन आलेला नवा शिक्षक नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिकडची सगळी तंत्रं वर्गावर लादतो आणि मुलं गोंधळतात. नाहीतर या गोंधळाच्या धास्तीनं सगळं फायलीतच राहतं. दोन्ही वेळा चूक एकच असते: पद्धत टिपलेली असते, पण ती कशाच्या आधारावर उभी होती ते टिपलेलं नसतं.

म्हणून तिकडे गेल्यावर पहिले काही दिवस शिकवण्याची घाई न करता निरीक्षणाची वही भरा. पानावर तीन रकाने आखा: वेळ, प्रत्यक्ष काय घडलं आणि हे कशामुळे जमलं. ‘वर्ग छान रमला होता’ या नोंदीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. ‘10.12 : प्रश्न फळ्यावर. चार मिनिटं कोणी बोललं नाही. बाई फिरून कोणाची वही आधी दाखवायची ते ठरवत होत्या’ ही नोंद उपयोगी. तिसरा रकाना मार्गदर्शक शिक्षकांना विचारून त्याच दिवशी भरा. दुसऱ्या दिवशी तपशील निसटतात.

हा रकाना किती मोलाचा आहे, हे जपानमधल्या गणिताच्या तासावरून कळतं. तिथे बहुतेकदा एकाच प्रश्नाभोवती तास फिरतो आणि फळा शेवटपर्यंत पुसत नाहीत. प्रश्न, मुलांच्या वेगवेगळ्या रीती, त्यांची तुलना, निष्कर्ष असं सगळं एकाच वेळी नजरेसमोर राहतं. नुसता ‘फळा पुसायचा नाही’ एवढाच नियम उचललात, तर अर्ध्या तासातच फळा भरतो. कारण खरं काम आधी झालेलं असतं: मुलं कोणती उत्तरं देतील, कुठे चुकतील, हे पाठ टाचणातच, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यातच, लिहिलेलं असतं. तेव्हा आदल्या दिवशी कागदावर फळ्याचे भाग पाडा आणि तीन-चार संभाव्य उत्तरं लिहा. त्यात एक तरी चुकीचं हवंच.

काही गोष्टी मात्र एकट्याच्या हातात नसतात. फिनलंडमध्ये साधारण 45 मिनिटांच्या तासानंतर 15 मिनिटांची सुट्टी असते. तसं वेळापत्रक नवा शिक्षक आणू शकत नाही. त्यावर शक्ती घालवू नका.

सर्वांत मोलाचा बदल परक्या भाषेतून शिकवताना घडतो. शब्द अपुरे पडतात, म्हणून आपोआप कमी बोललं जातं. एका वेळी जास्तीत जास्त तीन सूचना, त्याही फळ्यावर. एक नमुना करून दाखवायचा. मग काय करायचंय ते एखाद्या मुलालाच सांगायला लावायचं. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या भाषेत जीभ सैल सुटते आणि ही शिस्त आधी मोडते. म्हणून दर आठवड्याला एका तासाची दहा मिनिटं आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका (शाळेची परवानगी घेऊनच).

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचंही तसंच. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, असं अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं. तरीही तेच दोन-तीन हात वर येत असतील, तर आधी उत्तर वहीत लिहायला सांगा, हात नंतर.

मूल नजर चुकवतं, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. काही समाजांत खाली पाहणं हा आदर असतो, काहींत ते लपवाछपवीचं लक्षण मानतात. परतल्यावरही वर्तन लिहा, त्याची दोन संभाव्य कारणं लिहा, मग मुलाशी एकट्यानं बोला.

नोकरीत एका वेळी एकच बदल करा आणि त्याला तीन आठवडे द्या. पहिला आठवडा विस्कळीत जाणारच, कारण मुलांनाही नवी सवय लागायची असते. सुरुवातीला आणि शेवटी त्याच पाच मुलांच्या वह्या तपासा: हुशार, मधली आणि मागे पडणारी, सगळी त्यात हवीत. फरक दिसला नाही, तर तंत्र सोडण्याआधी तिसरा रकाना उघडून कोणता आधार राहून गेला ते पाहा. आणि सहकाऱ्यांपुढे ‘तिकडे असं करतात’ असं म्हणू नका. त्यानं दारं बंद होतात. त्या पाच वह्या त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांचं मत विचारा.