कोरड्या दातावर शेड घेऊ नका

बीडीएस संपवून कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये लागले. पहिल्याच महिन्यात दुचाकीवरून पडलेला कॉलेजचा मुलगा आला, वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. दीड तास खपून कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, केलं. आरशात बघून त्याची आई म्हणाली, "कळतसुद्धा नाही हो!" मी हवेत. दोन दिवसांनी माय-लेक परत हजर. "डॉक्टर, खडू चिकटवल्यासारखं दिसतंय." पुण्यात कौतुक आणि पंचनामा यांत फार अंतर नसतं.

शेड, म्हणजे फिलिंगसाठी दाताची रंगछटा, मी दात वाळल्यावर घेतली होती. वाळलेला दात जास्त पांढरा दिसतो. लाळेने तो मूळ रंगावर आला की आपलं काम उघडं पडतं. आता पेशंट बसला की सगळ्यात आधी शेड, तीही खिडकीच्या उजेडात. कंपोझिटचा छोटा ठिपका बाँडिंग (चिकटवणारं द्रव्य) न लावता दातावर क्युअर करून, म्हणजे खास लाइटने कडक करून, बघते, कारण क्युअर झाल्यावर रंग थोडा बदलतो. मग तो टिचकीसरशी निघतो.

दुसऱ्या एका पेशंटचा रंग झकास जमला, पण सहा महिन्यांत कडेला चहाची तपकिरी रेघ. हिरडीतून रक्त झिरपत होतं आणि मी रबर डॅमचा (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) कंटाळा केला होता. बाँडिंगला लाळ-रक्त लागलं की पुढची सगळी कारागिरी वाया.

एचिंगला, म्हणजे बाँडिंगआधी दात खरखरीत करायला, 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड: इनॅमलवर (बाहेरच्या कठीण थरावर) 15 ते 30 सेकंद, डेंटिनवर (त्याच्या आतल्या थरावर) 15 च्या वर नाही. धुतल्यावर डेंटिन खडखडीत वाळवलं तर त्यातल्या कोलॅजन तंतूंचं जाळं बसतं आणि बाँडिंग आत शिरत नाही, म्हणून किंचित ओलसर चमक राहू द्या. बाँडिंग चोळून लावा, हवेने पातळ करा, मगच क्युअर. कंपोझिटचा थर 2 मिलिमीटरपेक्षा जाड नको. लाइटचं टोक दाताजवळ धरा. त्यावर चिकटलेलं जुनं कंपोझिट कोणी बघतच नाही.

लग्न ठरलेल्या मुली ब्लीचिंगच्या दुसऱ्या दिवशी फिलिंग मागतात. दोन आठवडे थांबवा. दातात उरलेला ऑक्सिजन बाँड नीट होऊ देत नाही.

शेवटचं क्युअरिंग ग्लिसरीन जेलखाली, नाहीतर हवेमुळे कच्चा राहिलेला वरचा चिकट थर नंतर डाग पकडतो. चावा तपासताना खालचा जबडा पुढे सरकवायला सांगा. समोरच्या कडा तिथेच उडतात.

त्या मुलाचं काम मी पुन्हा करून दिलं, फुकट. त्याची आई हल्ली त्याला पॉलिशला घेऊन येते आणि काम झालं की आधी खिडकीपाशी नेऊन दात बघते.