गायरानातलं तण: मघांपासून हस्तापर्यंत काय उपटायचं, काय राखायचं

मघा नक्षत्र लागलं की माळ हिरवागार दिसतो आणि तिथेच फसगत होते. हिरवं दिसतं ते सगळं चारा नसतं. माण, खटाव, जत, सांगोला, कर्जत या पट्ट्यातल्या कितीतरी गायरानांत आत्ता गुडघाभर उभं आहे ते तरोटा आणि गाजर गवत. खरं गवत त्यांच्या बुडाशी, जेमतेम चार बोटांचं. गुरं दिवसभर माळ तुडवतात आणि संध्याकाळी रिकाम्या कुशी घेऊन गोठ्यात येतात.

तण काढायचं असेल तर ते आत्ताच, हस्त संपायच्या आत. जमिनीत ओल आहे, मूळ हाताला लागतं आणि बहुतेक तणांनी अजून बी धरलेलं नाही. दसऱ्यानंतर माती आवळते, शेंगा तडकतात, मग मजुरी जास्त लागते आणि बी तर पडून गेलेलंच असतं.

पण कुदळी घेऊन निघण्याआधी तण आलं कुठून ते बघा. पहिल्या पावसानंतर गवताला फुटवा येतो तो मुळात साठवलेल्या शिदोरीवर. ते बोटभर झालं की आपण गुरं सोडतो. गवत पुन्हा फुटतं, पुन्हा खाल्लं जातं आणि मूळ कमजोर होत जातं. शेजारच्या तरोट्याला मात्र कुणी तोंड लावत नाही. जनावर चांगलं तेवढं निवडून खातं आणि उरलेल्याला जागा मोकळी करून देतं. पवना, मारवेल, डोंगरी ही गवतं आधी जातात, मग कुसळी माजते आणि शेवटी मुरूम उघडा पडून तण बसतं. म्हणून चराई तशीच ठेवून नुसतं उपटत बसलात, तर पुढच्या मृगात त्याच जागी तेच उगवेल.

माळाची परिस्थिती कळायला उपकरण लागत नाही. एका टोकाकडून तिरकं चालत निघा. दर दहा पावलांनी थांबून पायाच्या अंगठ्यासमोर काय आहे ते बघा: चांगलं गवत, तण की उघडी माती. शंभर ठिकाणं मोजून वहीत टिपा. माझा ठोकताळा असा, की निम्म्याहून जास्त ठिकाणी गवत निघालं तर तण काढून माळ बंद ठेवणं पुरतं. पाव हिश्शाच्या खाली निघालं तर गवत नव्याने लावावंच लागेल.

तरोटा आणि गाजर गवत

तरोटा (काही भागात टाकळा) वर्षायू आहे, त्यामुळे बी पडू दिलं नाही की निम्मी लढाई जिंकली. तो फार लवकर कापू नका. कोवळा कापला तर खालून फांद्या फोडतो आणि जमिनीलगत फुलतो, मग विळ्यालाही सापडत नाही. पिवळी फुलं दिसू लागली की पावसाच्या उघडिपीत मुळासकट उपटा. शेंग नसेल तर तिथेच पसरून द्या, माती झाकली जाईल. शेंग धरलेली असेल तर मात्र माळाबाहेर न्या. जमिनीतलं जुनं बी काही वर्षं उगवत राहतं, तेव्हा एका हंगामात माळ साफ होईल असं गृहीत धरू नका. निदान तीन पावसाळे ओळीने हे काम करायची तयारी ठेवा.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आज ते नसलेला तालुका सापडणार नाही. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात आणि पाऊस असेपर्यंत नवी पिढी उगवतच राहते. म्हणून इथे वाट बघायची नाही. फुलायच्या आत उपटायचं आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फेरी मारायची. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. अंगावर पुरळ उठणं आणि दमा हे दोन्ही त्यातून होतं, आणि एकदा वावडं झालेल्या माणसाला पुन्हा त्या कामाला लावू नका. फूल न आलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात चालतात, फुललेली नकोत. नाहीतर तेच बी शेणखताबरोबर तुमच्या शेतात पोचतं. भुकेलं जनावर ते खातं तेव्हा दुधाला कडवट वास येतो, हे दूध घालणाऱ्यांना सांगायला नको.

पानं कुरतडलेली दिसली तर उलटून बघा. फिकट पाठीवर काळपट रेघा असलेला भुंगा आणि त्याच्या अळ्या दिसतील. हा मेक्सिकन भुंगा, आपल्याकडे १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडला गेला आणि तिथून पसरला. तो पावसाळ्यात काम करतो, थंडीत जमिनीत जाऊन झोपतो. जिथे तो भरपूर आहे तिथे फवारणी करू नका. जिथे नाही तिथे पाचशे-हजार भुंगे डब्यात गोळा करून आणून सोडा. भुंगा एकटा माळ साफ करत नाही, पण झाडाचं फुलणं-बी धरणं कमी करतो. तेवढी मदत फुकट मिळते तर घ्यावी.

घाणेरी आणि वेडी बाभूळ

घाणेरी वरून तोडणं म्हणजे तिची छाटणी करून देणं. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार इंचांवर कुदळीने तोडा, झुडूप उपसा आणि उलटं करून टाका, म्हणजे फांद्या जमिनीला टेकून मुळं धरणार नाहीत. काळी फळं पिकायच्या आधी हे व्हायला हवं. पाखरं ती फळं खाऊन झाडावर बसतात, म्हणून नवी रोपं मोठ्या झाडाखालीच जास्त सापडतात. पुढच्या वर्षी आधी तिथे बघा.

घाणेरी खाल्लेल्या जनावराचं यकृत बिघडतं. चारा सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात, आणि उन्हात गेलं की मुस्कटाची, पांढऱ्या कातडीची सालं निघतात. अशा जनावराला लगेच सावलीत बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा. बाजारातून आणलेली, दूरवरून चालत आलेली, उपाशी जनावरं यात जास्त सापडतात. त्यांना माळावर सोडण्याआधी घरी पोटभर वैरण द्या.

वेडी बाभूळ पसरते ती शेंगांमुळे. शेळ्या-मेंढ्या शेंगा आवडीने खातात, बी न पचता लेंडीतून पडतं आणि तिथेच उगवतं. शेंगा खाल्लेला कळप साफ केलेल्या तुकड्यात लगेच सोडू नका, चार-सहा दिवस वाड्यात ठेवा. रोपं आत्ता ओलीत हाताने निघतात. मोठं झाड जमिनीवर कापलं तर बुंध्यातून पुन्हा दहा फांद्या फुटतात, त्यामुळे माती उकरून बुंध्याचा गड्डाच काढावा लागतो. गायरानात झाड तोडायचं तर ग्रामसभेचा ठराव आणि परवानगी आधी घ्या. जागा सरकारी आहे, नंतर वाद नको.

कोकणात आणि गोव्यात याच जागी रानमोडी असते, विदर्भात रानतुळस. दोन्हींनाही नियम तोच: फुलोऱ्याआधी, मुळासकट.

कुसळी आणि वणवा

कुसळी तण की चारा, यावर पारावर वाद होतात. कोवळी असेपर्यंत चारा, कुसळ धरली की त्रास. कुसळं तोंडात, डोळ्यांत रुततात, मेंढ्यांच्या लोकरीतून थेट कातडीत शिरतात. म्हणून ती फुलोऱ्याच्या आधीच कापून घाला किंवा चारून टाका.

तिचा जोर वाढवणारं एक काम मात्र आपणच करतो. उन्हाळ्यात माळ पेटवला की पावसाळ्यात गवत चांगलं येतं, हा समज अजून जात नाही. कुसळीचं बी ओल लागली की पीळ सोडत-घेत स्वतःला मातीत खुपसतं. वणवा वरून निघून जातो, ते खाली सुरक्षित असतं. वर पडलेलं पवन्याचं, मारवेलाचं बी जळतं. दर वर्षी पेटवलेल्या माळावर कुसळीच का उरते, त्याचं कारण हे. त्यापेक्षा जाळरेषा (आग अडवणारा, गवत काढलेला मोकळा पट्टा) काढा आणि माळ राखा.

फवारणीबद्दल

सामाईक गायरानात तणनाशक नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाची गुरं कधी येतील यावर ताबा नसतो. ग्लायफोसेट तणाबरोबर गवतही मारतं, मग मोकळ्या जागेत पहिलं उगवतं ते गाजर गवत. २,४-डी रुंद पानाची झाडं मारतं, पण स्टायलोसारखी द्विदल वैरणही घेऊन जातं. शिवाय त्याचा उडालेला तुषार कपाशी आणि द्राक्षाला फार लवकर बाधतो, शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. फवारा बसून सुकू लागलेली विषारी तणं कधीकधी जनावरांना जास्त रुचकर लागतात, हेही लक्षात असू द्या. स्वतःच्या बंदिस्त तुकड्यात वापरायचंच असेल तर लेबलवर लिहिलेल्या तणासाठी, लिहिलेल्या मात्रेतच वापरा, आणि सांगितलेले दिवस गुरं आत सोडू नका. मिठाचं पाणी रस्त्याकडेच्या गाजर गवताला ठीक, कुरणात ओतू नका.

मोकळी झालेली जागा

उपटलेली जागा उघडी ठेवली तर ती तणाचीच. ओल असेपर्यंत मारवेलचे मुळासकट ठोंब दीड-दोन फुटांवर लावा. बियाण्यापेक्षा ते खात्रीने लागतात. बियाणं टाकायचं असेल तर ते पुढच्या मृगासाठी राखा, कारण या गवतांचं ताजं बी नीट उगवत नाही. माळाचा चांगला कोपरा निवडून आत्ताच राखून ठेवा, ऑक्टोबरात पवना-डोंगरीचं पिकलं बी हाताने ओरबाडून घ्या, कोरड्या पोत्यात ठेवा, जूनमध्ये माती-शेणाच्या गोळ्यांत घालून टाका. ठोंब आणि स्टायलोच्या बियाण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेत वेळेत चौकशी करा. आणि वृक्षारोपणाच्या उत्साहात चांगल्या गवताच्या माळावर खड्डे खणू नका. माळाला झाडं नाहीत म्हणजे तो ओसाड, असं नसतं.

चराईसाठी गायरानाचे चार भाग करा. त्यातला एक भाग दर वर्षी आळीपाळीने पहिल्या पावसापासून बी गळेपर्यंत पूर्ण बंद. उरलेल्या तीन भागांतही पहिले सहा आठवडे गुरं नकोत. नंतर गवत चार बोटांवर आलं की कळप पुढच्या भागात. हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत बसवली. सगळ्या गावांना पूर्ण बंदी झेपणार नाही, पण एक चौथाई भाग बंद ठेवणं झेपतं. ठरावाआधी धनगरवाड्यातल्या आणि भूमिहीन शेळीवाल्या घरांशी बोला. बंद भागातलं कापलेलं गवत त्यांना आधी मिळेल असं ठरावातच लिहा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात कुंपण मोडेल. कुरणविकासाची कामं रोजगार हमीतून घेता येतात, आराखड्यात नाव आत्ताच घालून ठेवा.

दिवाळीनंतर बाहेरून वैरण विकत आणाल तेव्हा गाडी माळावर रिकामी करू नका. वाड्याजवळ एकाच जागी उतरवा. गाजर गवताचं बी त्यातून आलं असेल तर पुढच्या पावसात ते तिथेच उगवेल, आणि चार पावलांत उपटता येईल.