उडता बगळा शेवटी शार्प आला

नागपूरच्या अंबाझरी तलावावर रोज सकाळी फोटो काढायला जात होतो, बसलेला बगळा मस्त यायचा पण उडाला की धूसर, मला वाटलं लेन्सच गेली. लेन्स ठीक होती, कॅमेरा एएफ-एस या फोकस मोडवर होता, त्यात शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस तिथंच लॉक होतो, पक्षी जवळ आला तरी हलत नाही. मग एएफ-सी केलं, कॅननमध्ये यालाच सर्व्हो म्हणतात, बटण धरून ठेवलं तोवर फोकस पक्ष्यामागं सरकत राहतो. फोकसचा एरियापण एका पॉइंटवरून झोन, म्हणजे बऱ्याच पॉइंटांचा गट केला, कारण उडत्या पक्ष्यावर एकच ठिपका धरणं फार कठीण अन् जरा सुटला की मागची झाडंच शार्प येतात. शटर १/२००० सेकंद ठेवलं. परवा पाण्यावरून गेलेल्या छोट्या बगळ्याचे काळे पाय अन् पिवळी बोटं वेगवेगळी दिसली, खूप बरं वाटलं बाप्पा!