पहिल्याच दिवशी सांगून टाका: ओकीच्या बेटावर तिघींत एक घर

गेल्या महिन्यात पुण्यातल्या जपानीच्या क्लासमधल्या दोन मुलींचे मेसेज आले. केअरगिव्हरची नोकरी, जागा बेटावर, राहायला शेअर हाउस. "ताई, हो म्हणू का?" दोघींना वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. एन-थ्री (जपानी भाषेची पातळी), कैगोची (वृद्धसेवेची) परीक्षा, झाइर्यू कार्ड (राहण्याचं ओळखपत्र) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. क्लासमध्ये जे कुणी सांगत नाही तेवढंच लिहिते.

मी राहते ते ओकी द्वीपसमूहातल्या नाकानोशिमा बेटावर. गाव आमा, प्रांत शिमाने. होन्शूच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर उत्तरेला. शिचिरुई किंवा साकाइमिनातो बंदरातून फेरीने साधारण तीन तास, कधी जास्तही. वस्ती सुमारे २३०० माणसांची. १९५० च्या सुमाराला इथे सात हजारांच्या आसपास माणसं राहत होती, त्यावरून रिकामी घरं किती असतील याचा अंदाज करा. त्यातलंच एक डागडुजी केलेलं जुनं लाकडी घर आम्हा तिघींना मिळालं: एक ओसाकाची, एक साइतामाची आणि मी.

गावाचं ब्रीद आहे 'नाइ मोनो वा नाइ'. २०११ पासून ते पोस्टरवर, कार्डांवर सगळीकडे दिसतं. त्याचे दोन अर्थ निघतात. एक, 'जे नाही ते नाहीच'. दुसरा, 'नाही असं इथे काहीच नाही'. येण्याआधी पहिला अर्थ पचवा, दुसरा कळायला वर्ष लागतं. इथे कन्व्हिनिअन्स स्टोअर नाही, थिएटर नाही. मला एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं की इंडियन ग्रोसरी जवळच मिळेल. ती समुद्रापलीकडे आहे. तूरडाळ आणि हिंग मी ऑनलाइन मागवते, गोडा मसाला आई पाठवते, आणि फेरी बंद असेल तर पार्सलही बंद. बेटाचे सुंदर रील टाकणाऱ्यांवर नोकरीचा निर्णय सोपवू नका. ती माणसं ऑगस्टमध्ये चार दिवस येऊन गेलेली असतात.

हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की सकाळी भिंतीवरच्या बोसाई मुसेनमधून (गावाच्या सूचना सांगणारा स्पीकर) एक शब्द ऐकू येतो: 'केक्को'. म्हणजे आज फेरी रद्द. दुसऱ्या दिवशी दुकानातला ब्रेड आणि दूध संपतं. याची सवय होते. पण भारतात जायचं असेल तेव्हा फेरी आणि विमान यांच्यात निदान दोन दिवस मोकळे ठेवाच. मी एकच ठेवला होता. चुलत बहिणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मी अजून बेटावरच होते, बंदरावरच्या बाकावर बॅग घेऊन बसलेली.

घरातल्या रोजच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या आठवड्याभरात अंगवळणी पडतात. बाहेर अंग धुऊन मगच टबात उतरायचं, आणि उठताना पाणी सोडायचं नाही, तेच पाणी तिघींना पुरवायचं असतं. गॅस सिलिंडरचा आणि महाग असतो. कचऱ्याची वर्गवारी पहिल्या आठवड्यात फोटो काढून पाठ करा. मिरचीची फोडणी देण्याआधी पंखा लावा आणि शोजी (कागद लावलेली सरकती दारं) ओढून घ्या, तो वास कागदात दिवसेंदिवस बसून राहतो. जूनमध्ये पाऊस लागला की कोकणातल्यासारखी बुरशी येते, कपाटाची दारं उघडी ठेवा. 'मुकादे' म्हणजे आपली घोण. रात्री गादी झटकून मगच झोपा. रॉकेलच्या स्टोव्हचा अठरा लिटरचा डबा कोण भरून आणणार आणि पैसे कसे वाटायचे, हे नोव्हेंबरच्या आत ठरवा. थंडी पडल्यावर ठरवायला बसलात तर भांडण होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

आपल्याकडे वानवळा असतो तसं इथे 'ओसुसोवाके'. शेजारी आपल्याकडचं थोडं आपल्याला देतात. दाराला कुलूप नसतं. कामावरून यावं तर गेनकानमध्ये, चपला काढतो तिथे, पिशवी ठेवलेली असते. कधी कांदे, कधी मुळा. मी आले त्या पहिल्या आठवड्यात समोरच्या आजींनी पिशवी ठेवली, त्यात सहा 'आजी' मासे होते, समुद्रातून नुकतेच काढलेले. (माशाचं नावच आजी. पहिल्या दिवशी माझा गोंधळ झाला.)

माझ्या स्वतःच्या गळ्यात माळ नाही. पण आमच्या घरात आजोबांपासून माळ आहे, मासे-मांस घरात कधी आलं नाही आणि मी ते खात नाही. पिशवी बघून मी काही न बोलता फ्रिजमध्ये ठेवली. ओसाकावालीने रात्री ते साफ केले, तळले, दोघींनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी आजींनी रस्त्यात विचारलं, कसे होते? मी म्हणाले, "ओइशिकात्ता देस." छान होते.

या एका वाक्यात मी अडकले. ते नीट उलगडून सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्या जणी अगदी हेच करणार आहात.

पुण्यात शेजारच्या काकूंनी दिलेली भाजी आवडली नाही तरी 'छान झाली होती' म्हटलं की विषय संपतो. इथे तो सुरू होतो. आजींचा मुलगा बोटीवर जातो. मासे विकत आणलेले नसतात, ते कुणाला किती द्यायचे हे आजी ठरवतात. कुठल्या घरात कोण काय खातं, कुणाला दात नाहीत, कुणाला शिंपले सोसत नाहीत, हा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो. माझं 'ओइशिकात्ता' त्या हिशोबात जाऊन बसलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मासे आले. उन्हाळ्यात पांढरे इका (माकूळ) आले, मग साझाए (समुद्री शंखातली गोगलगाय). प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिलं. पहिल्या दिवशी खरं बोलायला फक्त थोडा संकोच होता. तिसऱ्या महिन्यात खरं बोलायचं तर आधीच्या दहा 'ओइशिकात्ता' खोट्या होत्या हे कबूल करावं लागणार होतं. म्हणून मी गप्प राहिले, आणि गप्प राहिल्यामुळे आकडा वाढत गेला.

घरातही तेच चाललं होतं. मी ओसाकावालीला दर वेळी विचारायचे, "तुला चालेल ना?" ती म्हणायची, "दाइजोबु." मला वाटायचं तिला आवडतं. 'दाइजोबु'चा अर्थ क्लासमध्ये 'ठीक आहे' असा शिकवतात. एका छताखाली राहताना त्याचा अर्थ बऱ्याचदा 'तू विचारलंस म्हणून नाही म्हणवत नाही' एवढाच असतो.

नोव्हेंबरमध्ये ती आठवड्यासाठी घरी गेली, साइतामावालीची रात्रपाळी होती. फ्रीझर भरलेला. त्यात पुन्हा सहा मासे आले. मला साफ करता येत नव्हते, फेकायचे तर कचऱ्याचा दिवस तीन दिवसांवर होता. संध्याकाळी मी घरामागे पर्सिमनच्या झाडाखाली खड्डा केला आणि ते पुरले. रात्री मांजरांनी उकरून काढले.

सकाळी आजी मुळे घेऊन आल्या. वाटेवर दोन मासे पडले होते, खवल्यांना माती लागलेली. मी दारात उभी होते. त्या वाकल्या. हातातले मुळे काढून पायरीवर ठेवले, त्याभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद सरळ केला, त्यात ते दोन्ही मासे गुंडाळले आणि काही न बोलता परत गेल्या. मुळे पायरीवरच राहिले.

त्यानंतर सतरा दिवस पिशवी आली नाही. 'ओहायो' रोज व्हायचं, हसूनही व्हायचं. पण गेनकान रिकामं. कामावर काही बदललं नव्हतं, पगार वेळेवर होता, तरी त्या सतरा दिवसांत मी जितकी रडले तितकी लग्न चुकल्यावरही रडले नाही.

ओसाकावाली परत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सात महिने मी कामावरून येऊन रात्री दहाला मासे साफ करत होते, मला वाटायचं तू त्यांना होकार देऊन आली आहेस, मी नाही म्हटलं तर तुझी अडचण होईल.

याच काळात दुसऱ्या शहरातल्या एका सेम्पाईने (आपल्याआधी आलेल्या सीनिअरने) फोनवर सल्ला दिला, "अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांग, जपानी लोक पुढे विचारत नाहीत." हा सल्ला तुम्हालाही मिळेल. घेऊ नका. वृद्धांच्या सेवेचं काम करणाऱ्या माणसांसाठी अ‍ॅलर्जी हा जबाबदारीचा शब्द आहे, तो नोंदवला जातो, त्यावरून कामं वाटली जातात. एक खोटं झाकायला दुसरं त्याहून मोठं सांगण्यासारखं आहे ते. माझं तर मत आहे की मोठ्या शहरात राहणाऱ्या सेम्पाईचे सल्ले व्हिसा आणि टॅक्सपुरतेच ऐकावेत. शेजाऱ्याबद्दलचा सल्ला शेजाऱ्याच्याच गावातल्या माणसाला विचारावा.

मी आमच्या साइतामावालीला विचारलं. ती म्हणाली, डबा आहे ना त्यांचा आपल्याकडे? तो परत करायला जा. उन्हाळ्यात आजींनी भोपळ्याचं निमोनो (रश्शात शिजवलेली भाजी) दिलं होतं, त्याचा झाकणाचा डबा आमच्या शेल्फवर होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आईने शिकवलेलं मला सात महिने आठवलं नव्हतं. बेसन नव्हतं. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिळतं, त्याचे तूप-साखर घालून लाडू वळले आणि डबा घेऊन गेले.

माझ्या जपानीत जेवढं जमलं तेवढं सांगितलं. आमच्याकडे आजोबांपासून कुणी मासे-मांस खात नाही, घरातली माणसं देवाचं नाव घेत पंढरपूरला चालत जातात, मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आजींनी विचारलं, "ओहेन्रो-सानसारखं?" शिकोकूच्या ८८ देवळांना चालत जाणाऱ्या यात्रेकरूंना ओहेन्रो म्हणतात. मी म्हटलं, तसंच. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. अंडं? गोल, म्हणजे 'चालतं'. दूध? गोल. आणि मग 'दाशी' (रश्शासाठी काढलेला अर्क) लिहून हात थांबला. इथल्या जवळजवळ प्रत्येक रश्शात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतो. त्यांनी भोपळ्याच्या डब्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण तो मी चवीने खाल्ला होता आणि विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी त्याच्यापुढे लिहिलं, 'कोम्बु, शिइताके' (समुद्रशेवाळ आणि मशरूम), आणि मोठा गोल काढला. मग म्हणाल्या, लवकर सांगायचं होतंस गं, आमचा मुलगा चांगले मासे 'इंदोच्या पोरीसाठी' म्हणून वेगळे काढत होता.

मुलींनो, घाबरवायला हे लिहीत नाही. या बेटाला बाहेरची माणसं नवी नाहीत. सम्राट गो-तोबाला १२२१ मध्ये इथे हद्दपार केलं, १२३९ मध्ये तो इथेच वारला, आणि गावची माणसं अजून त्याला 'गोतोबान-सान' म्हणतात, गल्लीतल्या कुणाला हाक मारावी तसं. ऑगस्टमधल्या किन्न्यामोन्याच्या नाचात दोन्ही हातांत भाताचे पळे घेऊन नाचतात. मला नाचता येत नाही म्हटल्यावर आजींनीच हातात पळे दिले होते. इथे माणूस तुम्हाला सामावून घ्यायला तयारच असतो. फक्त काय सामावून घ्यायचं आहे ते त्याला कळलं पाहिजे.

भारतातून आलात की करीचा विषय निघणारच. इथे पूर्वी मांस सहज मिळत नसे, म्हणून करीत साझाए घालायचे, आणि ती साझाए करी आता गावाची ओळख आहे. पाकिटातूनही विकतात. ती तुम्हाला फार प्रेमाने देतील. त्या क्षणी बोला. नंतर नको.

घरात आता आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी टेबलाशी बसतो. लाइनवर (इथलं मेसेजचं अ‍ॅप) ठरवणं बंद केलं, स्टिकरमध्ये कुणाचा चेहरा दिसत नाही. 'दाइजोबु' ऐकलं की मी एकदा पुन्हा विचारते, "होन्तो नि?" खरंच? ओसाकावालीने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं ते माझ्या सकाळी साडेपाचच्या कुकरच्या शिट्टीबद्दल होतं. मी डाळ रात्री लावायला लागले.

हल्ली गेनकानमध्ये दोन पिशव्या असतात. माशांच्या पिशवीवर त्या दोघींची नावं. दुसरीत मुळा, वाकामे (हेही समुद्रशेवाळ), कधी शिइताके, आणि कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलने काताकाना लिपीत माझं नाव. त्यात एक अक्षर चुकतं. मी ते दुरुस्त करायला सांगितलेलं नाही.

येण्याआधी एवढं पाठ करा, आणि पहिली पिशवी हातात येईल तेव्हाच म्हणा: "साकाना तो निकु वा ताबेमासेन. दाशी नो कात्सुओ मो ताबेमासेन. यासाइ वा नान्देमो उरेशी देस." मासे-मांस खात नाही, रश्श्यातला कात्सुओही नाही, भाजी कुठलीही आनंदाने घेईन. तिसरं वाक्य गाळू नका.